ओलावा वजा जाता

मृत्यू समोर उभा ठाकला असता माणसानं कसं असावं? हिमालयासारखं. अचल, निश्चल, श्वाससुद्धा मोजून घेणारं. माझ्या बहात्तर वर्षांच्या चिंतनाचं सार विचाराल तर ते एवढंच आहे.

"सर, हालू नका," अजिनाथ म्हणाला. "आकडा ठरंना."

मी उभा होतो माजलगावच्या मोंढ्यात, माझ्या पुतण्याच्या आडत दुकानापुढं, सोयाबीन तोलायच्या काट्यावर. माझ्या आधी त्यावर एक पोतं होतं आणि माझ्यानंतर दुसरं चढायचं होतं. पोती माझ्यापेक्षा स्थिर उभी राहतात, असं अजिनाथनं आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

काट्यावर चढण्याची पाळी का आली, ते सांगतो.

माझ्या हृदयाला चार झडपा आहेत. तशा सगळ्यांनाच असतात, पण ज्याच्या चारही चालतात त्याला त्यांची गणती ठाऊक नसते. माझ्या तीन चालतात. चौथीचं म्हणजे असं, की धरणाचं एखादं दार गंजून इंचभरच उघडावं आणि मागचा अख्खा जलाशय त्या दाराला धडका देत बसावा. घरातून नाक्यापर्यंत जाताना मला तीन थांबे घ्यावे लागत. लोकांना वाटे, सर निवृत्त झाल्यापासून फार मनमिळाऊ झाले, प्रत्येक ओट्यावर बसून चौकशी करतात.

संभाजीनगरच्या हॉस्पिटलात आठवडाभर ठेवून घेतल्यावर डॉक्टरीणबाईंनी निर्णय सांगितला. छाती कापायची नाही. मांडीच्या नसेतून तार घालायची आणि तिच्या टोकाला मिटलेली नवी झडप थेट हृदयात नेऊन उघडायची. "फक्त एक अट," त्या म्हणाल्या. "अंगात पाणी साठता कामा नये. साठलं की आधी वजन वाढतं. रोज सकाळी वजन करा आणि कळवा. दहा दिवस पासष्टच्या आत राहिलात, तर त्यानंतरच्या गुरुवारी झडप. वर गेलात, तर तारीख महिनाभर पुढं."

"मग पुढच्या महिन्यात करू," मी उदारपणे म्हणालो.

"सर, तुमच्या झडपेकडं महिना आहे की नाही, ते मला सांगता येत नाही."

जगदेवीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघितलं. त्या हृदयाला काहीही झालेलं नव्हतं.

घरी काटा होता. वर्षाराणीनं, आमच्या मुलीनं, संभाजीनगरहून ऑनलाइन मागवून दिलेला, काचेचा. पण आमची फरशी शहाबादी आणि प्रत्येक फरशीचं मत स्वतंत्र. स्वयंपाकघरात मी सहासष्ट भरलो, पडवीत चौसष्ट आणि देवघरापुढं साडेएकसष्ट.

"एकसष्ट लिवा," जगदेवी म्हणाली. "देवापुढं कुणी खोटं बोलत नसतंय."

"अगं, पण पाच किलो मी ठेवले कुठं?"

"स्वयंपाकघरात. तिथंच तुमचा जीव आडकलेला असतो."

वर्षाराणी फोनवर कडाडली, की अप्पा, हा पोरखेळ नाही, मला रोज सकाळी एक आकडा पाहिजे, खरा, तो मी हॉस्पिटलला कळवणार. तेव्हा माझा पुतण्या संगमेश्वर म्हणाला, "काका, मोंढ्यात या. सरकारी शिक्क्याचा काटा हाय. आणि तोलायला अजिनाथ हाय."

अजिनाथ आमच्या मोंढ्यातला मापाडी. मापाडी म्हणजे मोंढ्यातला न्यायाधीश, शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा हात यांच्या मधोमध उभा. तीस वर्षं तो तोलतो आहे आणि त्याच्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. सातवीत तो माझ्या वर्गात दोनदा बसला होता. दोन्ही वेळा वजाबाकीनं घात केला. पण माणसाचा हात सरळ असला की गणितातली खोट काढू नये, हे मी निवृत्तीनंतर शिकलो.

शनिवारी सकाळी पहिल्यांदा तोललं. काट्याचा आकडा मापाड्याच्या बाजूला दिसतो, तोलल्या जाणाऱ्याला दिसत नाही. पोत्यांनी याबद्दल कधी तक्रार केलेली नाही, म्हणून मीही केली नाही.

"लाभ!" अजिनाथ ओरडला. मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "चौसष्ट पाचशे!"

संगमेश्वरनं फोन लावला, वर्षाराणी म्हणाली छान, आणि फोन स्पीकरवर होता म्हणून सगळ्यांना समजावून सांगितलं, की वजन वाढलं तर ते मांस नसतं, पाणी असतं, म्हणून इतकी काळजी. अजिनाथनं मान डोलावली. पाण्याची गोष्ट त्याला लगेच पटते, जन्म ओल्या-सुक्या मालात गेलेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वागण्यात एक फरक पडला आणि त्यानं मी हेलावून गेलो. काट्यावर चढण्याआधी तो वाकायचा, माझं धोतर चार बोटं वर सारायचा आणि अंगठा माझ्या नडगीवर टेकवायचा. चांगला दाबून. मग अंगठा उचलून काही क्षण तसाच खाली बघत थांबायचा. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पायांशी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं. माझे डोळे भरून यायचे. "कल्याणमस्तु," मी म्हणायचो. तो काही बोलायचा नाही. खरी भक्ती मुकीच असते.

चौसष्ट चारशे. चौसष्ट दोनशे.

चौथ्या दिवशी अर्जुनरावांनी सूत्रं हाती घेतली. अर्जुनराव बाजार समितीचे माजी संचालक. चाळीस एकर ऊस, पांढरेशुभ्र कपडे, आणि माइक दिसला की हात आपोआप पुढं. लिलावाच्या भोंग्यावरून त्यांनी जाहीर केलं, "शेतकरी बंधूंनो, आजचा सरांचा भाव चौसष्ट दोनशे!"

"भाव न्हाई, वजन," संगमेश्वर कुजबुजला.

"वजन! सरांचं माजलगावात वजन हाय, ते आता आकड्यात बी कळालं!"

टाळ्या पडल्या. मग रोजचंच झालं. आधी माझं वजन, मग सोयाबीनचा लिलाव. तालखेडचा एक शेतकरी म्हणाला, की सर पासष्टच्या आत राहिले त्या दिवशी भाव चढा निघतो. दुसरा म्हणाला, काही संबंध नाही. यावर दोघांत अबोला झाला. बायामाणसं आमच्या घरी जाऊन जगदेवीला आकडा सांगू लागली, तोही संगमेश्वरचा फोन पोचायच्या आधी.

आणि मला, काय सांगू, चढली. माणसाला आयुष्यात एकदा तरी आपला आकडा भोंग्यावरून ऐकायला मिळावा. हृदय सोडून माझं सगळं उड्या मारत होतं.

मोंढ्याच्या फाटकाशी भज्यांची गाडी आहे. डॉक्टरीणबाईंनी मीठ जवळजवळ बंद केलेलं, पाणी दिवसाला सव्वा लिटर, तेही जगदेवीच्या ताब्यातल्या बाटलीतून. पण चौथ्या दिवशी अर्जुनराव म्हणाले, "सर, चौसष्ट दोनशे! अन् आजून आठशे ग्रॅम शिल्लक हायत. एक भजं तर पायजेच."

हिशेब बिनतोड होता. मी एक मिरचीचं भजं खाल्लं आणि वर अर्धा कप चहा. पाचव्या दिवशी काट्यावर चढताना छाती धडधडत होती.

"लाभ! चौसष्ट दोनशे!"

भज्याला वजनच नव्हतं! पाचव्या दिवशी मी दोन खाल्ली. सहाव्या दिवशी तीन, आणि चहा पूर्ण कप. सातव्या दिवशी चौसष्ट शंभर. मी खातोय आणि उतरतोय, असा चमत्कार वैद्यकात पूर्वी झाला असेल असं मला वाटत नाही. काटाच परवानगी देतोय, तिथं मी कोण आड येणार?

बारीकसारीक गोष्टी होत्या, नाही असं नाही. चपलेचा पट्टा आखडला होता. पावसाळा सरला की कातडं आखडतं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन उशांच्या तीन केल्या. कापूस बसला असणार. रोज सकाळी काटा मला निरोगी ठरवत होता, आणि सरकारी शिक्क्यापुढं चपलेची साक्ष कोण धरतो?

दहावा दिवस सोमवार. वर्षाराणीचा फोन आला, आजचा आकडा नीट आला की गुरुवार पक्का. अर्जुनरावांनी मोंढ्यात निरोपाचा कार्यक्रमच ठेवला. दोनशे माणूस, हार, हलगी, पुढच्या रांगेत बायका. जगदेवी अक्षतांचं ताट घेऊन खुर्चीवर. मधोमध काटा, त्याला झेंडूची माळ. फक्त अजिनाथ नव्हता. त्याच्या भाचीचा, आरोहीचा, मांजरसुंब्याला साखरपुडा होता. जाताना संगमेश्वरला सांगून गेला होता, "सरांना नुसतं तोलून ठेव. बाकीचं मी आल्यावर बघतो." बाकीचं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

अर्जुनरावांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात माझ्या शिक्षणकार्याला पाच मिनिटं आणि सिंदफणा नदीच्या पाण्याला पंचवीस. मग हलगी थांबली. मी काट्यावर चढलो. हिमालय.

संगमेश्वर आकड्याकडं बघत राहिला.

"बोल बे," अर्जुनराव माइक पुढं करून म्हणाले. "मोठ्यानं."

"एकोणसत्तर दोनशे," भोंगा म्हणाला.

लांब कुठंतरी हलगीवाल्यानं, आकडा शुभ समजून, दोन टोले दिले.

"काट्यात घोळ हाय," अर्जुनराव म्हणाले. "सर, खिशात काय हाय?"

खिशातून किल्ल्या निघाल्या, रुमाल, बसचा पास आणि कागदात गुंडाळलेलं एक भजं. भज्याकडं जगदेवीनं बघितलं. ते बघणं मी इथं लिहीत नाही. सगळं काढून पुन्हा चढलो. एकोणसत्तर. हार काढला, टोपी काढली. अडुसष्ट नऊशे. एक उत्साही शेतकरी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या पेटीकडं बोट दाखवून म्हणाला, "ते बी काढून बघा."

"त्याला हात लावायचा न्हाई," जगदेवी खुर्चीवरूनच म्हणाली. "देवाचं वजन भक्ताला लागत नसतंय."

"सरांना उसाच्या काट्यावर न्या," मागून कुणी सुचवलं. "गाडीसकट तोला, मंग गाडी वजा करा."

"तिथं वीस किलोच्या खालचं दिसत न्हाई बे," दुसरा म्हणाला. "सर कवा साठ तर कवा ऐंशी भरतील."

"मंग साठ भरंस्तवर तोला की!"

शेवटी संगमेश्वरनं अजिनाथला फोन लावला आणि अर्जुनरावांनी सवयीनं फोनला माइक लावला. भोंग्यावर मांजरसुंब्याची सनई घुमली.

"अजिनाथ, अरे काकांचं वजन एकोणसत्तर भरलंय!"

"बरूबर हाय," सनईतून अजिनाथ म्हणाला.

"बरूबर कसं? काल तू चौसष्ट सांगितलंस की!"

"ते निव्वळ. तू ढोबळ वाचलास. बारदाना वजा केला का?"

"कसला बारदाना?"

"धोतर, सदरा, टोपी. पोत्याचं कापतो तसं किलोभर धरायचं. मंग ओलावा काढ."

"ओलावा?"

"पाणी बे! वर्षाताई सांगत न्हवत्या का, वाढतंय ते समदं पाणी असतंय म्हणून? नडगीवर अंगठा दाब, खड्डा पडतो. भरून यायला जितका येळ लागंल तितकं पाणी. काल चार किलोचा व्हता. सोयाबीन ओलं असलं की आपुन ओलावा कापतो का न्हाई? मंग सरांचा कावून कापायचा न्हाई?" त्याचा आवाज अभिमानानं भरून आला. "सरांचा माल एकदम चोख हाय. चौसष्ट किलो, दाणाभर इकडं-तिकडं न्हाई!"

प्रकरण माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. अंगात पाणी किती चढतंय ते कळावं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी वजन मागितलं होतं. अजिनाथ रोज पाणी काढून टाकून वजन देत होता. सातवीत दोनदा न जमलेली वजाबाकी त्याला अखेर जमली होती, आणि ती त्यानं गुरूवरच सोडवून दाखवली होती. त्या वजाबाकीच्या जिवावर मी भजी खात होतो, भज्यांनी पाणी चढत होतं, आणि चढलेलं पाणी तो दुसऱ्या दिवशी इमानदारीनं कापत होता.

"अजिनाथ," मी माइकमध्ये म्हणालो, "म्हणजे तू रोज सकाळी माझ्या पाया..."

"पाया कावून पडू सर?" तो आश्चर्यानं म्हणाला. "कामाच्या टायमाला?"

मोंढा हसला. दोनशे माणूस पोट धरून हसलं, हमाल थप्पीवरून घसरले, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. हसता हसता मला दम लागला, आणि मी काट्यावरच खाली बसलो. मग हसू एकेका रांगेतून विझत गेलं.

अर्जुनराव माझ्या कानाशी आले. "सर, कुणाला कळतंय? मापाड्यानं निव्वळ दिलंय, निव्वळच कळवा. तीन दिवसांचा तर सवाल हाय. समितीत आमी ह्याच्याहून मोठाले..." इथं त्यांच्या ध्यानात आलं, की माइक चालू आहे.

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. लपवत नाही. तीन दिवस भज्यांकडं बघायचं नाही, पाणी घोटभर, आणि गुरुवारी एकदा का टेबलावर जाऊन झोपलो की मग मला उठवतंय कोण? महिनाभर थांबायचं माझ्यात नव्हतं. महिना माझ्यात होता की नाही, हेच तर कुणाला माहीत नव्हतं.

"चौसष्ट कळव," मी संगमेश्वरला म्हणालो.

जगदेवीनं अक्षतांचं ताट खुर्चीवर ठेवलं, पुढं आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, चारचौघांत ती माझ्या पायाशी पहिल्यांदाच बसली होती. या वेळी मी कल्याणमस्तु म्हणालो नाही, शिकलो होतो. तिनं अंगठा नडगीवर दाबला आणि उचलला.

"लाभ," ती मोजू लागली. "दोन. तीन. चार."

पुढची रांग माना लांबवून बघत होती. चिखलात रेड्याचं पाऊल उमटावं तसा खड्डा. आठ. नऊ. बारापर्यंत तो तसाच होता.

"तीन उशा लागतेत तुमाला," ती म्हणाली. माइक जवळच होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. "परवापास्नं बघते मी. चप्पल चढत न्हाई, ते बी बघते. अन् गप बसले. मला बी गुरुवार पायजे व्हता ना."

"अगं, गुरुवारच तर..."

"मला गुरुवार नगं. तुमी पायजेत." मग ती संगमेश्वरकडं वळली. "लाव रे फोन वर्षाला. एकोणसत्तर सांग. अन् भजं बी सांग."

वर्षाराणीनं आधी मला धुतलं, मग संगमेश्वरला, मग अर्जुनरावांना, त्यांची ओळख नसताना. ते सगळं भोंग्यावरून झालं, कारण माइक बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं. मग तिनं डॉक्टरीणबाईंना जोडून घेतलं.

"आत्ता निघा," त्या म्हणाल्या. "या घडीला. परवा संध्याकाळपर्यंत इंजेक्शननं पाणी उतरलं, तर गुरुवार. नाहीतर नाही. आणि ते जे कोण रोज पाणी वजा करत होते, त्यांनी कुठल्या दिवशी किती वजा केलं, ते लिहून ठेवलंय का?"

"हाय की," संगमेश्वर म्हणाला. "मापाडी हाय तो. चिठ्ठी केल्याबिगर तोलत न्हाई."

"त्यांनाही आणा."

निरोपाचा कार्यक्रम असा अगदी वेळेवर कामी आला. हार होते, हलगी होती, निघणारा माणूस होता. फक्त तीन दिवस आधी. अर्जुनरावांनी आपली पांढरी गाडी काढली आणि स्वतः चालवायला बसले. जगदेवी मागं माझ्याशेजारी. मोंढ्यातून बाहेर पडताना हलगीवाला फाटकापर्यंत नाचत आला. भजीवाल्यानं हात केला. जगदेवीनं काच वर घेतली.

गेवराईला महामार्गाच्या पुलाखाली अजिनाथ उभा होता. साखरपुड्याचा गुलाबी फेटा तसाच डोक्यावर. मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून सिमेंटच्या ट्रकात बसून तो आमच्या आधी पोचला होता. गाडीत शिरला तो सरळ माझ्या पायाशी वाकला, अंगठा दाबला आणि म्हणाला, "कालच्यापरीस आर्धा किलो जास्ती."

"आता तरी 'सर, कसं वाटतंय' म्हण," मी म्हणालो.

"वाटण्याचं काय सर," तो म्हणाला, "आकडा बघा." गोदावरीच्या पुलावर तो एकदम म्हणाला, "मला वाटलं सर, ओला म्हणून तुमचा माल परत येऊ नये. गरीब शेतकऱ्याचा येतो तसा."

जगदेवीनं पुढं वाकून त्याच्या फेट्यावर हात ठेवला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं, नळी लावली, इंजेक्शन दिलं. मग अजिनाथच्या दहा चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. ढोबळ, बारदाना, ओलावा, निव्वळ. पहिल्या दिवशी ओलावा शून्य. तिसऱ्या दिवशी अर्धा. पाचव्या दिवशी दीड. आठव्या दिवशी तीन. नवव्या दिवशी चार. दहावी चिठ्ठी गाडीत केलेली.

"चौथ्या दिवसापासून मीठ पोटात जातंय," त्या म्हणाल्या.

"भजं," जगदेवी म्हणाली.

"नुसत्या अंगठ्यानं हे काढलंत?" त्यांनी अजिनाथला विचारलं. "कुठं शिकलात?"

"सरांपाशी," तो म्हणाला. "गणित."

मी डोळे मिटून घेतले. औषधाचा परिणाम असावा.

पुढचे दोन दिवस माझ्या अंगातून जे पाणी निघालं, ते पाटाला सोडलं असतं तर एकराचा हरभरा निघाला असता. मी उतरत होतो. सहासष्ट आठशे. सहासष्ट. मोंढ्यात भोंग्यावरून आकडा जात होता, पण गाडी घेऊन परतलेले अर्जुनराव आता आकड्याआधी भाषण करीत नव्हते, लोक करू देत नव्हते. बुधवारी संध्याकाळी सिस्टर मला काट्यावर उभं करून म्हणाली, "पासष्ट दोनशे."

दोनशे ग्रॅम! जगदेवीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीणबाई काट्याकडं बघत उभ्या. अजिनाथ कोपऱ्यातून चुळबुळला.

"बाई," तो म्हणाला, "लहान तोंडी मोठा घास. पण आंगातला झगा हॉस्पिटलचा हाय. अन् ती हातातली पट्टी, अन् नळी."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग हसू दाबत सिस्टरला म्हणाल्या, "तसलाच कोरा गाऊन तोलून बघा."

गाऊन साडेतीनशे भरला. चौसष्ट आठशे पन्नास. तरी त्या थांबल्या. वाकल्या, माझ्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबला आणि उचलला. नडगी सपाट. मग त्यांनी अजिनाथला खूण केली. त्यानं पुढं येऊन दाबून बघितलं, मान तिरकी करून.

"कोरडा हाय," तो म्हणाला. "तोला आता बिनधास्त."

गुरुवारी सकाळी मला आत नेलं. झोपेचं औषध अर्धवट दिलेलं होतं. आवाज कळत होते, दुखत नव्हतं आणि उगाचच आनंद होत होता. डोक्यावर दिवे, बाजूला मोठा पडदा, चार-पाच जणांचे मुखवटे. मांडीतून तार गेली म्हणाले. पोचली म्हणाले. थोडा वेळ हृदय दामटून पळवलं, तेव्हा छातीत लग्नाच्या वरातीतलं घोडं उधळल्यासारखं झालं. मग सगळं एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत काहीतरी उघडलं. पायाच्या बोटांपर्यंत ऊब गेली, कान गरम झाले, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीत श्वास पुरून उरला.

"सर!" डॉक्टरीणबाईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "झालं! अगदी नेमकी बसली. बाहेर काकू, वर्षाताई, सगळ्यांना सांगितलंय. तुमचं अख्खं गाव फोनवर आहे. आता इकडं मान वळवा, पडद्यावर. ती बघा तुमची झडप! कशी उघडतेय बघा!"

मी मान वळवली. कितीतरी वेळ बघत राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, ते कुणी वजा केलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणालो, आणि सगळे मुखवटे माझ्याकडं वळले, "बहात्तर वर्षं ज्याच्या जोरावर मी बोललो, वर्गावर ओरडलो, हसलो, त्याला आज समोर बघतोय. एवढं मोठं दार माझ्या आत होतं! जन्माचं सार्थक झालं."

एका सिस्टरनं डोळे पुसले. मशीनपाशी बसलेल्या माणसानंही नाक ओढलं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर, आता काही पाहिजे तुम्हाला? काहीही सांगा."

"पाहिजे," मी म्हणालो. "माझा चष्मा जगदेवीच्या पिशवीत राहिलाय. तेवढा मागवता का? मला काहीच दिसत नाहीये."